मागची भिंत सजली, समोरचीचं काय?

गेल्या महिन्याभरात तीन मैत्रिणींनी घरातल्या नव्या ऑफिसचे फोटो पाठवले. तिघींचेही फोटो एकाच बाजूचे, खुर्चीमागच्या भिंतीचे. छान फ्रेम, पुस्तकांचं शेल्फ, कुंड्या, पिवळसर दिव्यांची माळ. मेहनत दिसत होती. मी तिघींना एकच विचारलं, "अगं, खुर्चीत बसल्यावर तुला काय दिसतं?" एकीने बसल्या जागेवरून फोटो काढून पाठवला. हातभर अंतरावर कपाटाची बंद दारं, स्क्रीनमागे लोंबणाऱ्या वायरी आणि थेट डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट.

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. दिवसाचे आठ-नऊ तास जिच्याकडे पाठ असते त्या भिंतीवर आपण जीव ओततो, आणि जिच्याकडे तोंड करून बसतो तिचा विचारच करत नाही. २०२० पासून व्हिडिओ कॉल अंगवळणी पडले आणि कॅमेऱ्याला दिसतं तेच आपलं ऑफिस असं होऊन बसलं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. कॉलवरची माणसं तासाभराने निघून जातात. मान, डोळे, मनगटं दिवसभर आपलीच झिजतात.

मीही सुरुवातीला कॅमेऱ्याच्याच सोयीने टेबल मांडलं होतं. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा दिसतो, म्हणून टेबल थेट खिडकीसमोर. चेहऱ्यावर सुंदर उजेड यायचा, कॉलवर सगळे कौतुक करायचे. पण दुपार झाली की स्क्रीनच्या मागे लख्ख आभाळ आणि त्यापुढे मंद अक्षरं. चारच्या सुमारास कपाळ ठणकायला लागायचं. दोन वर्षं मी समजत होते की चष्म्याचा नंबर वाढलाय. दोनदा डोळे तपासून आले, नंबर तोच.

मग बाबा राहायला आले. बाबांनी उभं आयुष्य ड्रॉइंग बोर्डवर नकाशे काढले आहेत. ते माझ्या खुर्चीत बसले, कोरा कागद पुढ्यात घेतला, त्यावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, "ही सावली बघ. तुझ्याच अंगावर येतेय. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा." आम्ही दोघांनी मिळून टेबल काटकोनात फिरवलं. खिडकी डाव्या हाताला आली. बाबांनी पुन्हा पेन्सिल टेकवली, तर सावली उजवीकडे, हाताखाली सरकली आणि लिहायची ओळ स्वच्छ उजळली. स्क्रीनमागे आभाळ नाही, स्क्रीनवर खिडकीचं प्रतिबिंबही नाही. काहीही विकत न आणता आठवड्याभरात कपाळाचा ठणका थांबला. (डावखुऱ्यांनी अर्थात उजेड उजवीकडून घ्यायचा.)

संध्याकाळी मात्र दिव्याशिवाय भागत नाही. छतावरचा दिवा बहुतेक वेळा डोक्याच्या मागे असतो आणि आपलीच सावली वहीवर पडते. म्हणून खिडकीच्याच बाजूला एक टेबललॅम्प हवाच. कचेऱ्यांसाठीच्या युरोपीय मानकात लिहिण्या-वाचण्याच्या जागी ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड धरलेला आहे. फोनवरच्या लक्स मीटर ॲपने ढोबळ अंदाज येतो. नुसत्या छताच्या दिव्यात माझ्या वहीवर जेमतेम १२० भरले तेव्हा मला धक्का बसला. बल्बच्या खोक्यावर उजेडाची छटा सांगणारा केल्व्हिनचा आकडा असतो, तो बघून घ्या. २७०० म्हणजे पिवळा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. मी ४००० वर स्थिरावले.

खुर्ची-टेबलाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर बरंच लिहिलं गेलंय. एवढंच सांगते की तयार टेबलं साधारण ७२ ते ७५ सेंटिमीटर उंचीची असतात आणि माझ्यासारख्या पाच फूट एक इंचवालीला ती उंच पडतात. खुर्ची वर घेतली तर पाय लोंबकळतात, म्हणून पायाखाली बुटका पाट किंवा स्टूल हवं. लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एक सोयीचं झालं की दुसरं बिघडतं. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर चढवा आणि कीबोर्ड वेगळा घ्या. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली असावी.

आता समोरच्या बाजूबद्दल, कारण माझा खरा आग्रह तिथे आहे. टेबल भिंतीला चिकटवलं की नजर दोन फुटांत अडते. २०-२०-२० चा नियम आपण सगळ्यांनी ऐकलाय, दर २० मिनिटांनी २० फूट लांबचं काहीतरी २० सेकंद बघायचं. पण बघायला २० फूट मोकळे हवेत ना! मान वर केली की उघडं दार, त्यापलीकडची खोली किंवा बाजूच्या खिडकीतलं झाड दिसेल अशी बैठक शोधा. रॉजर उलरिक या संशोधकाचा १९८४ सालचा अभ्यास 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात आला होता. शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना जोरदार वेदनाशामकंही कमी लागली. घरातलं ऑफिस म्हणजे रुग्णालय नाही, मला कळतं. तरी समोर काय दिसतं याला इतकं महत्त्व असू शकतं, हे मी तेव्हापासून विसरलेले नाही.

कुंडीसुद्धा म्हणूनच समोर हवी. झाडं खोलीतली हवा शुद्ध करतात हे नासाच्या १९८९ च्या अहवालापासून सगळीकडे पसरलं, पण ते प्रयोग बंद पेटीतले होते. खऱ्या खोलीत तेवढा परिणाम साधायचा तर कुंड्यांमधून वाट काढत चालावं लागेल. हवेसाठी खिडकी उघडा. मनीप्लांटचं नवं पान उलगडताना बघायचं असेल तर कुंडी स्क्रीनशेजारी आणा. पाठीमागे ठेवलेली कुंडी आपल्याला दिसते ती फक्त पाणी घालताना.

मांडामांड करताना मी कोपर अंगाला टेकवून हात गोल फिरवते. तेवढ्या घेरात फक्त वही, पेन आणि सतत लागणारी एखादी वस्तू. हात पूर्ण लांब करून पोचतं तिथे दिवसातून एक-दोनदा लागणाऱ्या वस्तू. बाकी सगळं टेबलावरून खाली. वायरींच्या दोन्ही टोकांना कागदी टेप लावून त्यावर नाव लिहा, टेबलाखाली वाकून "ही कसली?" म्हणत बसावं लागत नाही.

त्या कपाटवालीने परवा टेबल फिरवलं. पुन्हा फोटो आला, या वेळी न मागता, खुर्चीत बसून काढलेला. डावीकडे खिडकी, समोर उघडं दार, दारापलीकडे तिच्या मुलीची सायकल. मागे आता काय आहे, ते मी विचारलं नाही.