टुटूच्या बुडाशी

बॅले नाचणाऱ्या मुलीच्या कंबरेभोवती आडवं पसरलेलं जाळीचं ताट म्हणजे टुटू. तो शिवणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात: केवढ्याला पडतो, आणि टुटू म्हणजे काय? पहिल्याचं उत्तर निदान चारचौघांत देता येतं.

दुसऱ्याची गोष्ट अशी. फ्रेंचमध्ये पार्श्वभागाला एक रोखठोक शब्द आहे, ‘क्यू’. लिहिताना शेवटी ‘ल’ असतो, म्हणताना तो गिळतात. (कुल्ला आठवला ना? मलाही आठवतो. पण नुसत्या आवाजावरून सोयरीक जमवू नये.) पोरांशी बोलताना त्याचं ‘क्युक्यु’ होतं, आपल्याकडे कुत्र्याचं भूभू होतं तसं. बोबड्या जिभेला ‘क’ जमत नाही, काकाचा ताता होतो. तसाच क्युक्युचा झाला ‘त्युत्यु’. थोडक्यात, ढुंगू. या पोशाखासाठी हा शब्द छापलेला सापडतो तो १८८१ पासून. मारी ताल्योनी १८३२ साली पॅरिसच्या ऑपेरात ‘ला सिल्फीद’मध्ये पोटरीपर्यंतचा पांढरा झगा घालून नाचली, तेव्हा त्याला कुणी टुटू म्हणत नव्हतं. पुढे घेर आखूड होत वर सरकला.

फ्रान्समधल्या त्यूल गावच्या जाळीवरून हे नाव पडलं, अशी एक सोज्वळ व्युत्पत्तीही आहे. पालकसभेत सांगायला ती बरी. पण कोशांचा कल ढुंगूकडे, आणि माझाही. कारण टुटू हा घागरा नव्हेच, ती झालर लावलेली चड्डी आहे.

शिवण्याची सुरुवातच चड्डीपासून होते. मागची शिवण उघडी ठेवायची, नाहीतर थर बसवताना मशीनखाली हातच शिरत नाही. चड्डीवर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अंतरानं दहा-बारा रेघा आखायच्या आणि एकेका रेघेवर नायलॉनच्या जाळीचा चुणीदार थर चढवायचा. मांडीजवळचा चार बोटं रुंद, वरचा हातभर. एका टुटूला दहा-पंधरा मीटर जाळी सहज लागते. ही जाळी चुण्या घालताना करकरते, बोटं खरवडते, आणि अर्ध्या वाटेत चुणीचा दोरा तुटला की सगळ्या चुण्या पसरून मोकळ्या होतात. म्हणून दोन दोरे समांतर घालावेत. आळशाला इथे दुप्पट काम पडतं.

वरून तिसऱ्या-चौथ्या थरात स्टीलच्या पट्टीची कडी घालतात. खरा छळ तिथे आहे. कडी लहान पडली की ताट छत्रीसारखं मिटायला लागतं; मोठी झाली की कड पापडासारखी वेडीवाकडी होते. मग थर एकमेकांना लांब, सैल टाक्यांनी जोडायचे. टाका ओढला की वरून खळगा दिसतो, फारच सैल सोडला की नर्तकी थांबल्यावरही घेर नाचत राहतो. कड्यांचं आणखी एक दुखणं: दोघी जवळ आल्या की एकीची कडी दुसरीला टेकते, पुढून दाबली की मागून उचलते, आणि शब्दाचा मूळ अर्थ प्रेक्षकांना फुकट कळतो. नृत्यदिग्दर्शक बालांशिनच्या ‘सिंफनी इन सी’ या बॅलेमध्ये तर मंच नर्तकींनी भरून जातो. त्यासाठी पोशाख करणाऱ्या बार्बरा कारिन्स्काने १९५० मध्ये कडीच काढून टाकली आणि आखूड, मऊ, पावडरच्या पफासारखा टुटू केला. शहाणी बाई.

धुणं तर विसराच. पाण्यात जाळीचा कडकपणा जातो, म्हणून घामाचा वास मारायला चोळीच्या आतून चक्क वोडका फवारतात, स्वस्तातली. आणि वाळल्यावर टुटू सरळ टांगायचा नाही, वजनानं थर लोंबतात. तो उलटा टांगतात, जाळी खाली आणि चड्डी वर.