भिंत नेमकी किती झिजेल सांगता येत नाही, म्हणून सगळं अंदाजपंचे?

रविवारी घरच्या ग्रुपवर दाजींनी एक फॉरवर्ड टाकला आणि खाली माझ्या भाचीला, म्हणजे त्यांच्याच मुलीला, लिहिलं, "हे वाच, मग फिजिक्सचं ठरव." पोरीची बारावी झालीय, तिला बीएस्सी फिजिक्सच करायचंय. म्हणून हे लिहितोय.

फॉरवर्डचं म्हणणं असं: फ्युजन भट्टीची (हायड्रोजनचे अणू जोडून ऊर्जा काढणाऱ्या यंत्राची) आतली भिंत किती झिजेल हे शास्त्रज्ञांनाच माहीत नाही, त्यांच्या आकड्यांत दुप्पट-चौपट फरक पडतो, म्हणजे कॉम्प्युटरची गणितं निव्वळ अंदाजपंचे. 15 कोटी अंशांचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित झालेला तप्त वायू, भिंत फोडून बाहेर आला की हायड्रोजन बॉम्बसारखा स्फोट. आणि यात भारताचे पैसे बुडणार.

स्फोट होणार नाही. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या आंतरराष्ट्रीय फ्युजन यंत्राच्या पात्रात (भारतही त्यात भागीदार आहे) एका वेळी एक ग्रॅमपेक्षाही कमी इंधन असेल, तेही हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ. भिंतीचं टंगस्टन (एक जड धातू) आत गेलं तर प्लाझ्मा भडकत नाही, विझतो. टंगस्टनच्या जड अणूंकडे त्या तापातही काही इलेक्ट्रॉन उरतात आणि ते उष्णता किरणांच्या रूपात बाहेर घालवतात. लाखात मोजके अणू मिसळले तरी पुरे. अचानक विझताना भिंतीला मार बसतो, पण तो पात्राच्या आतच.

आकड्यांत मोठा फरक पडतो, हे मात्र मान्य करावं लागतं. पण तो का पडतो हे फॉरवर्डवाल्याने विचारलंच नाही. प्लाझ्मातले कण भिंतीवर आदळून टंगस्टनचे अणू उडवतात. त्यातले बहुतेक अणू लगेच विद्युतभारित होतात आणि चुंबकीय क्षेत्रात वळून जवळपास तिथेच परत चिकटतात. समजा 100 उडाले, 95 परतले, तर झीज 5. परतणारे 90 धरले, तर झीज 10. परतणाऱ्यांच्या आकड्यात जरासा फरक, आणि उत्तर थेट दुप्पट! त्यात कण कोणत्या कोनात आदळतात, पृष्ठभाग किती खडबडीत झालाय, निऑनसारखे जड कण किती आहेत, हे सगळं बदलत असतं. म्हणून हेच गणित आकडे थोडे थोडे बदलून पुन्हा पुन्हा करतात. त्यातून झिजेची कमाल-किमान मर्यादा मिळते आणि कशाचं मोजमाप आधी सुधारायला हवं तेही कळतं. याला अज्ञान म्हणत नाहीत.

दाजी, तुम्ही शिरोलीत फौंड्रीत वीस वर्षं काढलीत. फर्नेस रिकामी झाली की बॅटरी मारून आतलं अस्तर, म्हणजे लायनिंग, बघता, स्लॅगच्या, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीच्या, पट्ट्यापाशी किती खाल्लंय ते मापता. नवीन लायनिंग नेमक्या किती हीट (धातू वितळवण्याच्या खेपा) देईल, हे छातीठोकपणे तुम्ही कधी सांगितलंय? स्क्रॅप बदललं, तापमान चढलं की हिशोब बदलतो. तरी धातू लायनिंगबाहेरच्या विजेच्या कॉइलपर्यंत पोचायच्या आत तुम्ही लायनिंग पाडताच. तुमच्या त्या अंदाजावर अख्खी शिफ्ट फर्नेसजवळ उभी राहते.

आणि ही गणितं प्रत्यक्षात पडताळलेली आहेत. इंग्लंडमधल्या जेट नावाच्या फ्युजन यंत्रात 2009 पर्यंत कार्बनची भिंत होती. झिजलेला कार्बन पुन्हा थरांनी साचायचा आणि त्यात इंधन अडकून बसायचं. बेरिलियम-टंगस्टनच्या भिंतीत ते खूप कमी अडकेल, असं आधीच वर्तवलं होतं. 2011 मध्ये नवी भिंत घेऊन यंत्र सुरू झालं, आणि अडकणारं इंधन दहापटीहून जास्त घटलं. अंदाजपंचे आकडे असे खरे ठरत नाहीत.

पैशांचं म्हणाल तर भारताचा वाटा बहुतांशी इथे बनवलेल्या वस्तूंच्या रूपात आहे. ईटरच्या प्रचंड क्रायोस्टॅटचे, म्हणजे सगळं यंत्र ज्यात बसतं त्या निर्वात टाकीचे, भाग गुजरातेत हजिऱ्याला घडले. ते काम आपल्याच कामगारांनी केलं.

झिजेचं हे गणित अजून पुरतं सुटलेलं नाही, दाजी, आणि पोरीला नेमकं तेच शिकायचंय. तिचा फॉर्म अजून टेबलावर पडून आहे म्हणे. उद्या मी येतो, सही तेवढी करून ठेवा.