चाक जागेवर फिरलं म्हणजे क्लच गेला?

पाऊस सुरू झाल्यापासून एक मेसेज पाथरी-मानवत-सेलूच्या ग्रुपांवर फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. त्यातले दोघं माझ्याच गॅरेजात गाडी लावतात, हे विशेष. मेसेज असा :

‘गाडीचे चाक अचानक जागेवर गरगर फिरू लागले तर समजा क्लच प्लेट संपली, ताबडतोब बदला. तोपर्यंत डिक्कीत ५० किलो वजन ठेवा. हँडब्रेक अर्धा ओढून जोरात रेस द्या. टायरची हवा निम्मी करा किंवा नायट्रोजन भरा. ट्रॅक्शन कंट्रोलचे बटण कायम बंद ठेवा. दहा जणांना पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.’

हसून सोडून दिला असता. पण माझ्या भाच्यानं तो वाचून क्लच प्लेट बदलली, आठ हजारांच्या घरात खर्च केला आणि दुसऱ्याच आठवड्यात मला फोन केला, “मामा, नवी प्लेट टाकली तरी चाकं नुसती गरगर फिरायलीत, गाडी जागची हालंना.” म्हणून हे एकेक करून लिहितोय.

पहिला मुद्दा क्लचचा, म्हणजे इंजिनचा जोर गिअरबॉक्सला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाचा. आमच्याकडं दोन वेगळ्या दुखण्यांना एकच शब्द आहे, ‘स्लीप मारतंय’. क्लच स्लीप मारतो तेव्हा इंजिन ओरडतं, पण त्याचा जोर गिअरबॉक्सपर्यंत पोचतच नाही. चाक फिरत नाही, म्हणून स्पीडचा काटाही वर जात नाही. चढावर चौथ्या गिअरात पाय दाबला की आवाज वाढतो, वेग तेवढाच राहतो, आणि जळका वास येतो. चाक स्लीप मारतं तेव्हा उलटं असतं. जोर इंजिनातून निघून क्लच, गिअरबॉक्स असा सगळा प्रवास करून चाकापर्यंत नीट पोचलेला असतो, म्हणून तर चाक फिरतं. गाडी उभी असताना काटा तीस-चाळीस दाखवत असेल, तर क्लच त्याचं काम इमानदारीनं करतोय. संपलेल्या क्लचला चिखलात चाक गरगरवायचा दम नसतो. म्हणजे मेसेजमध्ये जी खूण क्लच गेल्याची सांगितली आहे, ती क्लच ठीक असल्याची आहे!

तरी शंका असेल तर मोकळ्या, सपाट जागी, समोर कुणी नसताना हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा-चौथा गिअर टाका आणि थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. गाडी धक्का देऊन बंद पडली तर प्लेट चांगली. इंजिन तसंच चालत राहिलं तर प्लेट गेली. एकदाच करा, खेळ करू नका.

भाच्याच्या डिक्कीत काढलेली जुनी प्लेट पडलेली होती. बघितली. लायनिंग, म्हणजे प्लेटवरचं घासणारं अस्तर, ते बसवणाऱ्या रिव्हेटच्या बरंच वर होतं, म्हणजे प्लेट संपलेली नव्हती. ज्यानं बदलली त्यानं तपासलं नव्हतं, गिऱ्हाईक मेसेज दाखवून ‘बदला’ म्हणालं म्हणून बदलली.

आता ५० किलो वजन. हा सल्ला ज्यानं पहिल्यांदा दिला असेल त्याची गाडी जुनी जीप किंवा बोलेरो असणार. तिथं इंजिनचा जोर मागच्या चाकांना जातो, मागं वजन टाकलं की ती चाकं दबतात आणि पकड वाढते. पण आल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय-ट्वेंटी, टियागो या सगळ्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्या. (इको छोटी दिसली तरी मागच्या चाकांची, तिचं वेगळं.) अशा गाडीच्या डिक्कीत गोणी ठेवणं म्हणजे बैलगाडी उलाळ करण्यासारखं. मागं भार पडला की पुढं जू वर उचललं जातं, हे कुणालाही सांगायला नको. हिशोब करून बघा. पुढच्या-मागच्या चाकांत साधारण अडीच मीटर अंतर, गोणी मागच्या चाकांच्या आसापासून अर्धा मीटर मागं. ५० किलोच्या गोणीनं पुढच्या चाकांवरचं दहा-एक किलो वजन उलट कमी होतं. भाच्याच्या डिक्कीत त्या प्लेटशेजारी सिमेंटची गोणीही होतीच. काढायला लावली.

हँडब्रेकचं पण त्याच जातीचं आहे, फक्त त्यामागची गंमत समजून घेण्यासारखी आहे. गाडी फसते तेव्हा बहुतेक वेळा एकच चाक फिरतं, दुसरं शांत उभं असतं. याला कारण डिफरन्शियल. वळणावर आतलं चाक कमी अंतर कापतं, बाहेरचं जास्त, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी ती पेटी. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक गाऱ्यात असेल तर तिथं जेवढा थोडा जोर टिकतो, तेवढाच कोरड्या जागेवरच्या चाकाच्या वाट्याला येतो. त्यानं गाडी काय हालणार! मागच्या चाकांच्या गाडीत हँडब्रेक थोडा ओढला की मोकळं फिरणारं चाक अडतं, तिथं जोर लागतो आणि पलीकडच्या चाकालाही तेवढाच मिळतो. जुने जीपवाले हे करतात आणि ते बरोबर आहे. पण पुढच्या चाकांच्या गाडीत हँडब्रेक असतो मागच्या चाकांना. तो ओढून तुम्ही पुढच्यांना मदत करत नाही, मागची दोन चाकं तेवढी खुंट्याला बांधून ठेवता.

आणि ‘जोरात रेस’ तर नकोच. एक चाक उभं आणि एकच फिरतंय तेव्हा ते चाक नेहमीच्या दुप्पट वेगानं फिरत असतं, डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर त्यात भाजून निघतात. जास्त फिरवून टायर फुटल्याचेही प्रकार होतात. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत फसलेल्या गाडीचं चाक काट्यावर ५५ च्या पुढं फिरवू नका, असं लिहिलेलं असतं. वर अर्धा क्लच दाबून रेस देत राहिलात तर प्लेट खरंच जळते. मग मेसेज खरा ठरला म्हणायचा.

आपल्याकडची काळी भारी जमीन गोदाकाठी कित्येक फूट खोल आहे. पाणी पिऊन फुगणारी, चिकट माती. चाक फिरवाल तेवढं ते खाली जातं, आणि टायरच्या खाचांत ती माती अशी भरून बसते की नवा टायरही गोटा होतो. म्हणून आधी उतरा. काठीनं खाचा खरवडा. ओढणाऱ्या चाकांपुढं तुराट्या किंवा पऱ्हाट्या आडव्या टाका, मुरूम मिळाला तर फारच छान. रिकामं बारदान टाकलं तर मागं कुणाला उभं करू नका, ते दगडासारखं उडतं. मग स्टेअरिंग सरळ ठेवून दुसऱ्या गिअरात हलक्या पायानं काढा. दुसऱ्या गिअरात चाकावर जोर कमी येतो, म्हणून त्याची पकड सुटत नाही.

हवेचा मुद्दा अर्धा खरा आहे. वाळूत हवा कमी केली की टायर पसरतो आणि गाडी तरते. नदीच्या पात्रात हे चालतं, काळ्या मातीतही चार-पाच पॉइंट (पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) कमी केल्यानं कधी कधी फरक पडतो. पण निम्मी? ३२-३३ च्या जागी १६ वर ठेवून तुम्ही पांदणीतून हायवेला लागलात, तर टायरच्या कडा सतत दुमडून तापतात आणि फुटतात. समृद्धीवर १२० ला हा प्रयोग कुणी करू नये. ओल्या रस्त्यावर तर कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो, म्हणजे जी पकड वाढवायला निघालात तीच जाते. कमी केलेली हवा बाहेर पडल्या पडल्या भरायची. पंप जवळ नसेल तर हात लावू नका.

नायट्रोजनबद्दल एवढंच, की साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. रस्त्याला चिकटतं ते रबर, आतला वायू नव्हे.

ट्रॅक्शन कंट्रोल प्रत्येक चाकाचा वेग सेन्सरनं मोजतो, एखादं सुटलं की इंजिनचा जोर कमी करतो किंवा त्या चाकाला ब्रेक लावतो. खोल चिखलात कधी कधी तो जोर इतका कापतो की गाडी मरून जाते, तिथं बटण दाबून बंद करायला हरकत नाही. बाहेर आलात की चालू. ‘कायम बंद’ हा सल्ला पहिल्या पावसाच्या निसरड्या डांबरावर आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेल्या गाऱ्यावर महागात पडेल. त्याचा दिवा लुकलुकत असेल तर तो काम करतोय. सतत पेटून राहिला तर बिघाड आहे, आणि आपल्याकडं पावसाळ्यात तो बिघाड पुष्कळदा चाकाच्या सेन्सरवर बसलेला चिखल असतो. आधी धुऊन बघा, मग पार्ट बदला.

एवढ्या मोठ्या मेसेजात टायर बघा, असं एकदाही लिहिलेलं नाही. कोरड्या डांबरावर, सिग्नलवरून निघताना चाक किंचाळत असेल तर मी पहिल्यांदा तिथंच वाकतो. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरली. कायद्यानंही टायर संपला. खाच दिसतेय म्हणून खूश होऊ नका, टायरच्या कडेला चार आकडे शोधा. २३१७ म्हणजे २०१७ सालातला २३वा आठवडा. आपल्या उन्हात उभं राहून जुनं रबर कडक होतं, नख रुतत नाही.

भाच्याचे पुढचे दोन्ही टायर १४१६ चे, नख लावलं तर प्लास्टिकसारखे. मागचे अर्धे झिजलेले, पण मऊ. दोनच नवे घ्यायचं ठरलं. मी नवे मागं टाकले आणि मागचे पुढं घेतले.

“मामा, उलटं करायलात. फिरतंय पुढचं चाक.”

“फिरू दे थोडं. पुढचं सुटलं तर तुला स्टेअरिंगमध्ये कळतं. ओल्या रस्त्यावर मागचं सुटलं तर गाडी गर्रकन फिरल्यावरच कळतं.”

त्याला पटलेलं दिसलं नाही. टायरवाल्यालाही विचारून आला. सिमेंटची गोणी मात्र न्यायला विसरला, ती अजून माझ्या शेडमध्ये आहे.