धडगाव ते सिरोंचा : पन्नास मिनिटं?

परवा भाच्याने मोबाईलवर दाखवलं, 'मामा, धडगाव ते सिरोंचा हवाई अंतर ६८४ किलोमीटर, विमानाने पन्नास मिनिटं.' दोन्हीकडे विमानतळ नाही. तरी हिशोब तयार.

धडगाव माझं गाव, नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात. सिरोंच्यात मी चार वर्षं नोकरी केली, गडचिरोलीच्या पार दक्षिण टोकाला, जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते. एकाच राज्याची ही दोन टोकं. तिथे असताना एका मंगळवारी संध्याकाळी साडेसातला धाकट्याचा फोन आला, 'दादा, आबांचं काही खरं नाही, निघ.' शेवटची एसटी गेलेली. रात्रभर बॅग भरून बसलो. सकाळी सहाला गाडी मिळाली. आलापल्लीपर्यंतच्या शंभर किलोमीटरला साडेचार तास लागले. रस्ता असा की पुढच्या सीटचा दांडा धरून तळहाताला फोड आले. पुढे आष्टीला वैनगंगा ओलांडून बल्लारशाह, तिथून रात्रभर रेल्वे, सकाळी नंदुरबार. मग चांदसैलीचा घाट चढून गुरुवारी साडेअकराला दारात. चाळीस तास. आबांना आदल्या दिवशीच पोचवून आले होते. ओसरीत त्यांची काठी भिंतीला टेकवलेली होती, तेवढी बघितली.

म्हणून किलोमीटर सांगणाऱ्या माणसाचा मला राग येतो. डोंगरात आणि नदीकाठी अंतर तासांत मोजतात, तेही ऋतू बघून. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, मग नकाशावरच्या आकड्याला काय अर्थ? २०२१ च्या पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन नवरा चालत निघाला. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली. घाट काही शेकडो किलोमीटरचा नाही हो! आमच्याकडे अजूनही बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. लोक त्याला 'बांबुलन्स' म्हणतात. मला तो शब्द ऐकवत नाही.

सरकारी निकषातही हीच चूक आहे असं माझं ठाम मत आहे. मैदानी भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी-डोंगरी भागात २०,००० मागे एक. सवलत दिली, चांगलं केलं. पण मोजली डोकी. पाड्यावरून केंद्रात पोचायला लागणारे तास कुणी मोजले? विरळ वस्तीत वीस हजार माणसं गोळा करायला किती डोंगर लागतात, ते अक्कलकुव्याच्या किंवा एटापल्लीच्या आशाताईंना विचारा.

विमानतळ मागत नाही. सिरोंचा-आलापल्ली रस्ता पावसाळाभर टिकेल असा करा, घाटात दरड पडली की दोन तासांत यंत्र पोचेल अशी सोय तालुक्यातच ठेवा. आणि प्रत्येक पाड्याचं दवाखान्यापासूनचं अंतर जुलैमधल्या तासांत लिहून काढा.

तुमच्या गावाहून पावसाळ्यात सरकारी रुग्णालयात पोचायला किती वेळ लागतो? खाली लिहा. किलोमीटर नको, तास लिहा.