पिटामध्ये सबीह हवंच!

पिटा म्हणजे आत पोकळी असलेली चपटी रोटी. तिच्यावरच्या तुमच्या लेखात आत भरायला फलाफल (काबुली चण्याचे वडे), हमस (काबुली चण्यांची चटणी) आणि ग्रिल्ड चिकन सुचवलंय. तिन्ही छानच, पण सबीह राहिलं याची फार चुटपुट लागली. सबीह म्हणजे तळलेलं वांगं आणि अंडं, इराकी ज्यूंचा शनिवार सकाळचा नाश्ता. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून वांगी शुक्रवारीच तळून ठेवायची, अंडी शुक्रवारीच लावलेल्या मंद आचेवर रात्रभर. इस्रायलमध्ये रामत गान शहरात १९६०च्या दशकात हा नाश्ता पिटात भरून टपरीवर विकला जाऊ लागला.

सगळी मदार वांग्यावर. भरताचं मोठं वांगं घ्या, बोटभर जाड काप करा, मीठ लावून अर्धा तास ठेवा. सुटलेलं पाणी नीट टिपून चांगले गडद तपकिरी होईपर्यंत तळा. फिकट राहिले तर मजा नाही. पिटा गरम असतानाच उघडून तळाशी ताहिनी (तिळाची पातळ चटणी), मग वांगं, उकडलेल्या अंड्याच्या चकत्या, बारीक चिरलेली काकडी-टोमॅटो, पार्सली.

आणि वरून अंबा, म्हणजे हळद-मेथी घातलेलं कैरीचं आंबट, पातळ लोणचं. त्याशिवाय सबीह अळणीच लागतं. इथे ते मिळत नसेल तर घरचं कैरीचं लोणचं मिक्सरला फिरवून थोडं लिंबू पिळा. तेल मात्र आधी निथळून घ्या, नाहीतर पिटा खालून फाटतो.