गाऊची किंमत चांदीवरून ठरत नाही

गाऊ म्हणजे तिबेटी लोक अंगावर बाळगतात ती ताईताची डबी. तिच्या खरेदीबद्दलच्या एका लेखात 'गाऊ विकत घेताना चांदीचं काम आणि फिरोजा (निळसर-हिरवा खडा) बघा, आतली पोकळी दुय्यम' असं वाक्य आहे, ते मला मुळीच पटलं नाही. तिबेटी माणसासाठी गाऊ हा अंगावर वागवायचा देव्हाराच. त्यात छापील मंत्रांच्या घड्या, देवतेचं लहान चित्र, लामांनी आशीर्वाद दिलेला धागा, कधी एखाद्या गुरूच्या वस्त्राचा तुकडा ठेवतात. प्रवासाला निघालेले पुरुष मोठा गाऊ पट्ट्याने खांद्याला अडकवत, त्याला पुढून खिडकी असते आणि तिच्यातून मूर्ती दिसते. ल्हासाकडच्या बायकांचा गाऊ गळ्यातला, दोन चौकोन एकमेकांवर तिरपे ठेवल्यासारखा, फिरोज्याने मढवलेला. पण दोन्हींचं मोल आत काय आहे यावरच.

मी गोंदिया जिल्ह्यातला. आमच्याकडे गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत 1972 पासून आहे. तिथल्या एका आजींचा गाऊ मी हौसेने उघडायला मागितला, तेव्हा त्यांनी तो हातात दिला, पण उघडू दिला नाही. 'दागिना बघ, आतलं माझं आहे,' म्हणाल्या. 1959 नंतर परागंदा झालेल्या अनेक कुटुंबांनी पोटासाठी पोवळी, फिरोजे, झीचे मणी (डोळ्यांसारखी नक्षी असलेले, तिबेटी लोक मौल्यवान मानतात ते दगडी मणी) विकले. बाजारातल्या जुन्या, रिकाम्या गाऊंमध्ये असेही काही असणार. लेखात खरेदीच्या इतक्या सूचना आहेत, त्यात या विक्रीबद्दल दोन ओळी तरी हव्या होत्या.