मेलेल्या सासूच्या हातचं वरण

मोबाईलवर कथा लिहून फेमस व्हायचंय ना? घ्या मग, सल्ले फुकट आहेत. गेल्या महिन्यापर्यंत मी पण साधा वाचक होतो, पण सोसायटीतल्या एका ताईंनी लिंक पाठवली, "दादा, वाचून प्रामाणिक मत सांगा हं," आणि मी येडा, एक्केचाळीस भाग वाचून खरंच प्रामाणिक मत सांगितलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये त्या माझ्याकडे न बघता मजल्यांचे आकडे बघतात.

तर पहिलं म्हणजे, ज्या गावात राहता त्या गावाकडे चुकूनही बघायचं नाही. ताईंची नायिका रात्री साडेअकराला "पंचवटी स्टेशनवरून" पंचवटी एक्सप्रेस पकडते. पंचवटीत स्टेशन! बाई नाशिकमध्ये वाढलेली आहे हो. रामकुंडापासून नाशिकरोड स्टेशन नऊ-दहा किलोमीटर, त्यात वाटेत द्वारका चौकात अडकलात तर गाडी गेलीच म्हणून समजा, आणि ती गाडी मुंबईला निघते सकाळी, पासवाल्यांची निम्मी झोप त्यातच होते. आता हीच नायिका पहाटे रिक्षात बसून द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये पुन्हापुन्हा मोबाईलवर वेळ बघतेय असं लिहिलं असतं तर माझाही जीव वरखाली झाला असता की नाही? पण नाही. तिथे काय, तर "नियतीच्या मनात काही वेगळंच होतं..."

टिंबं तीनच द्यायची असा काही कायदा नाही. सात द्या.

नायक सीईओ हवा, वय २६. कशाचा सीईओ हे विचारणारा वाचक जळका असतो. सातपूरला वर्कशॉप असलेला नायक चालत नाही, त्याच्या शर्टाला कूलंटचा वास येतो ना.

२७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा फोटो स्टेटसला ठेवायचा, आणि २८ला "प्लीज माझी मदत कर" लिहायला मोकळं व्हायचं.

तीनशे शब्द झाले की क्रमशः. दार उघडलं, क्रमशः. दारात कोण होतं ते पुढच्या भागात, आणि पुढच्या भागात तर दूधवाला!

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी काय लिहिलंय ते लक्षात ठेवायचं नाही. ताईंच्या सातव्या भागात नायकाची आई वारली. साधीसुधी नाही वारली, तीन भाग रडारड, रामकुंडावर दहावा, कावळा पिंडाला शिवत नाही, मग नायक हात जोडून म्हणतो "आई, मी लग्न करीन" आणि कावळा शिवतो. खरं सांगतो, तिथे माझ्या पण डोळ्यात पाणी आलं, कारण आमच्या आप्पांच्या वेळी आम्ही असेच दीड तास उन्हात उभे होतो. आणि अडतिसाव्या भागात तीच बाई नव्या सुनेला वरण वाढतेय! वर म्हणते, "तूप घे गं." मला आधी वाटलं भूत असेल, म्हणून पुढचे तीन भाग नेटाने वाचले. भूत नाही हो. ताई विसरल्या. सांगितलं तर म्हणे, "वाचक एवढं लक्षात ठेवत नाहीत दादा, दोनशे कमेंट आल्यात." आल्या ना, सगळ्या "मस्त, पुढचा भाग लवकर टाका" अशा. त्यातल्या एकालाही ती बाई मेलेली आठवत नाही आणि याचा ताईंना आनंद आहे!

बास, आता नाटक पुरे. आळशी आहात तुम्ही. वाचकाला मूर्ख समजता आणि वर त्याच्याकडूनच कौतुक मागता. पाच रुपयांच्या वहीत पात्रांची नावं, वयं, कोण जिवंत कोण मेलं, एवढं लिहून ठेवायला काय होतं? भाग टाकायच्या आधी एकदा मोठ्याने वाचा, जिथे तुमचीच जीभ अडखळते ते वाक्य काढून टाका. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून याच गावात आहे, मेंबर व्हा, चार जुने कथासंग्रह घरी आणा, संवाद कुठे तोडलेत, काय न सांगता सोडलंय ते बघा. रोज भाग टाकायची शपथ तुम्हाला कुणी घातलीय? आठवडाभर थांबलात तर कुणी मरत नाही. आणि कथेत कुणाला मारलंत, तर कृपा करून मेलेलं राहू द्या.